वाकलेल्या सुरूंचे चित्र वाचताना

प्रिय विद्यार्थ्यास,

अनेक आशीर्वाद.

तुझे टिपण आणि त्यासोबत पाठवलेली चित्राची छायाचित्रे मिळाली. तुमच्या महाविद्यालयाच्या संग्रहातील, समुद्रकाठच्या वाकलेल्या सुरूंच्या या चारकोल (कोळशाने काढलेल्या) चित्रावर सही नाही, सालही नाही; पाठीमागे पेन्सिलीने केवळ ‘गुहागर’ एवढे लिहिलेले आहे. असे चित्र प्रदर्शनात लोकांपुढे उलगडून सांगण्याचे काम तुझ्याकडे आले, याचा मला मनापासून आनंद झाला. टिपण मी दोनदा वाचले आणि चित्र मात्र पुष्कळ वेळ पाहत बसले. तू लिहिले आहेस की ही वादळाने झोडपलेली एकाकी झाडे आहेत, हा माणसाचा हात न लागलेला आदिम किनारा आहे आणि कोळशाचा काळा रंग हा चित्रकाराच्या मनातील काळोख आहे. तुझी भाषा चांगली आहे. पण या तीनही गोष्टी त्या कागदावर मला कुठे दिसल्या नाहीत, आणि त्या का दिसल्या नाहीत हे तुला नीट समजावे म्हणून हे पत्र थोडे विस्ताराने लिहिते आहे.

निसर्गचित्राचा अर्थ लावताना आपल्याला भाव सांगण्याची फार घाई असते. झाड वाकलेले दिसले की दुःख, मोकळी वाळू दिसली की एकटेपणा, क्षितिज दिसले की अनंत, असे शब्द आपल्याजवळ आधीपासून तयार असतात आणि चित्र समोर येताच आपण ते त्याच्यावर ठेवून मोकळे होतो. असे विवेचन कोणत्याही किनाऱ्याच्या कोणत्याही चित्राखाली छापता येते, आणि हाच त्यातला मोठा दोष आहे. या चित्राबद्दल जे सांगायचे ते याच चित्राबद्दल खरे असले पाहिजे. त्यासाठी त्या किनाऱ्यावर काय घडले आणि त्या कागदावर काय घडले, या दोन गोष्टी आधी वाचाव्या लागतात. भाव त्यांच्यामागून येतो, आणि असा आलेला भाव अधिक खोल असतो.

झाडांपासून सुरुवात करू. ती सुरूची आहेत याविषयी मला शंका नाही. सुरूवर ज्या आपल्याला सुया वाटतात त्या पाने नसून सांध्यासांध्यांच्या बारीक हिरव्या काड्या असतात. खरी पाने त्या प्रत्येक सांध्यावर खवल्यांएवढी सूक्ष्म असतात. याचा चित्रकाराच्या दृष्टीने अर्थ असा, की सुरूला प्रकाश झेलणारा पानाचा सपाट पृष्ठभागच नाही. माडाची झावळी उन्हात चकाकते, केवड्याचे पाते एका बाजूने उजळ आणि दुसऱ्या बाजूने गडद दिसते. सुरूच्या माथ्यातून मात्र ऊन गाळून पलीकडे जाते आणि झाड दुरून धुरासारखे करडे दिसते. तुझ्या चित्रकाराने हे अचूक ओळखले आहे. त्याने माथ्यांसाठी कोळशाची कांडी आडवी धरून, फारसा दाब न देता, कागदावरून ओढलेली आहे, त्यामुळे कोळसा कागदाच्या उंचवट्यांवरच बसला आणि खोलगट भाग पांढरे राहिले. त्या पांढऱ्या ठिपक्यांतून जो उजेड झिरपतो तो सुरूच्या माथ्यातून झिरपणाऱ्या उन्हाचाच आहे. तू टिपणात ‘दाट काळी पाने’ असे म्हटले आहेस. तिथे दाटही काही नाही आणि पानेही नाहीत. हे वाक्य काढून टाक.

आता त्या वाकण्याबद्दल. पाचही झाडांचे माथे उजवीकडे झुकलेले आहेत. समुद्राची पट्टी डावीकडे आहे, म्हणजे झाडे समुद्रापासून दूर, जमिनीकडे कललेली आहेत. ही एका दिवसाच्या वाऱ्याची करामत नसते. किनाऱ्यावर वारा समुद्राकडून येताना लाटांच्या तुषारांतले मीठ घेऊन येतो. ते मीठ समुद्राकडच्या बाजूचे कोवळे अंकुर जाळून टाकते, जमिनीकडचे अंकुर आडोशाने वाचतात, आणि वर्षानुवर्षे असे घडत गेले की झाडाचा सगळा भार एका बाजूला वाढलेला दिसतो. म्हणजे ही झाडे वाऱ्याने त्या क्षणी वाकवलेली नाहीत, ती तशी वाढलेली आहेत. कोकणात जून ते सप्टेंबर या काळात नैऋत्येकडचा आणि पश्चिमेकडचा वारा जोराने वाहतो. अशा कित्येक पावसाळ्यांचा एकत्रित परिणाम आपण या माथ्यांच्या आकारात पाहत असतो.

वादळ झाडांचे काय करते हे आपल्याकडच्या लोकांना निराळे सांगायला नको. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागजवळ किनाऱ्यावर आले तेव्हा रायगड जिल्ह्यात आणि दापोलीच्या परिसरात सुरू, माड आणि पोफळी मोठ्या संख्येने मुळांसकट उन्मळून पडल्या किंवा मधोमध मोडल्या. वादळात सापडलेल्या झाडाच्या फांद्या सुटतात, त्यांच्या रेषा एकमेकींत गोंधळतात, वाळू उडते आणि क्षितिज पुसट होते. तुझ्या चित्रात क्षितिजाची रेषा एका दमात, न थरथरता, आडवी ओढलेली आहे. फांद्यांची टोके स्वच्छ आहेत. आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे खोडांच्या सावल्या वाळूवर रेखीव पडलेल्या आहेत. वादळी आकाशाखाली अशा सावल्या पडत नाहीत.

या सावल्यांपाशी मी तुला थोडे थांबवणार आहे, कारण या चित्रातला सर्वांत बोलका भाग तोच आहे आणि तुझ्या टिपणात त्याचा उल्लेखही नाही. गुहागरचा समुद्र पश्चिमेला आहे. चित्रात तो डावीकडे आहे, म्हणजे चित्रकार उत्तरेकडे तोंड करून बसला होता. सावल्या डावीकडे, समुद्राच्या दिशेने पडल्या आहेत, म्हणजे सूर्य उजवीकडे, पूर्वेला आहे. आणि त्या खोडांच्या उंचीपेक्षा लांब आहेत, म्हणजे सकाळ अजून फार वर आलेली नाही. आता आणखी बारकाईने पाहा. त्या सावल्या नुसत्या डावीकडे न जाता किंचित चित्राच्या आत, आपल्यापासून दूर जातात. हिवाळ्यात सूर्य पूर्वेच्या दक्षिणेकडे सरकून उगवतो, तेव्हा सकाळची सावली वायव्येच्या अंगाने पडते आणि उत्तरेकडे पाहणाऱ्याला ती अशीच आत जाताना दिसते. मे-जूनमध्ये तो पूर्वेच्या उत्तरेकडे उगवतो, आणि त्या दिवसांत सकाळची सावली पाहणाऱ्याच्या पायाकडे आली असती. तेव्हा हे चित्र हिवाळ्यातल्या किंवा त्याच्या आसपासच्या सकाळचे आहे असे तू पुरेशा विश्वासाने म्हणू शकतोस. चित्रकाराने सावल्या नजरेसमोर पाहून काढल्या असतील, हे मी इथे गृहीत धरले आहे. पण त्या पाचही सावल्यांची दिशा एकच आहे आणि त्या उतारावर उताराप्रमाणे वळल्या आहेत, आणि मनाने काढलेल्या सावल्यांत इतकी शिस्त सहसा सापडत नाही.

हिवाळ्यात किनाऱ्यावर सकाळी वारा मंद असतो. जमीन तापून समुद्रावरचा वारा सुरू व्हायला दुपार जवळ यावी लागते. म्हणजे ज्या वेळी हे चित्र काढले गेले त्या वेळी तिथे बहुधा शांतता होती, आणि त्या शांत हवेत ही झाडे पावसाळ्यांचा वारा अंगावर वागवीत उभी होती. तुझ्या ‘वादळा’पेक्षा ही गोष्ट मला कितीतरी अधिक हलवून टाकणारी वाटते. ज्याने आकार दिला तो वारा समोर नाही, आकार तेवढा समोर आहे.

आता वाळूच्या टेकडीकडे वळू. वाऱ्याने रचलेल्या टेकडीची वाऱ्याकडची बाजू उतरती, लांबलचक असते आणि आडोशाची बाजू तीव्र असते. वाळूचे कण वाऱ्याबरोबर पृष्ठभागाजवळून लहान लहान उड्या घेत वर चढतात आणि माथा ओलांडला की पलीकडे घसरून पडतात. कोरडी सुटी वाळू साधारण ३० ते ३५ अंशांपेक्षा अधिक तीव्र उतारावर टिकत नाही. तुझ्या चित्रात मात्र नेमके उलटे आहे. जमिनीकडचा उतार सौम्य आहे आणि समुद्राकडची बाजू जवळजवळ उभी कापलेली असून त्या कापावरून सुरूंची मुळे लोंबत आहेत. वारा असा काप घालीत नाही. हे लाटांचे काम आहे. पावसाळ्यात उसळलेला समुद्र टेकडीचा पायथा खातो, वरची ओलसर, मुळांनी बांधलेली वाळू काही काळ उभी राहते, आणि पुढे हिवाळा-उन्हाळ्याच्या शांत दिवसांत पुळणीवर पुन्हा वाळू येऊन पडते. चित्रात कापाच्या पायथ्याशी नव्या वाळूचा एक मऊ ढीग दिसतो, जो चित्रकाराने तळहाताने पुसून काढलेला असावा. गेल्या पावसाळ्याने दिलेला घाव आणि तो भरून येण्याची सुरुवात, असे दोन्ही एकाच जागी तिथे आहे.

कापाची उंचीसुद्धा तुला काढता येईल. समुद्राचे क्षितिज नेहमी पाहणाऱ्याच्या डोळ्यांच्या पातळीवर असते, आणि क्षितिजाची रेषा चित्रात ज्या वस्तूला जिथे छेदते तो भाग चित्रकाराच्या डोळ्याएवढ्या उंचीवर असतो. इथे ती रेषा कापाच्या निम्म्यावर लागते. पुढच्या वाळूवर सरपटणाऱ्या मर्यादवेलीची पाने इतकी मोठी आणि जवळून पाहिलेली आहेत की चित्रकार खाली बसलेला असावा. बसलेल्या माणसाचा डोळा वाळूपासून साधारण एक मीटरवर धरला तर काप दोन मीटरच्या आसपास, म्हणजे पुरुषभर उंचीचा झाला. प्रदर्शनात एवढे एक वाक्य जरी तू सांगितलेस तरी समोरच्या माणसाला ती टेकडी आपल्या शेजारी उभी असल्यासारखी वाटेल. कापापासून पाण्यापर्यंतचा मधला करडा पट्टा ओल्या वाळूचा आहे; तो रुंद आहे, त्या अर्थी ओहोटी होती. यावर अधिक लिहिण्याची गरज नाही.

‘आदिम किनारा’ या तुझ्या शब्दांना मात्र मला ठाम हरकत घ्यायची आहे. खोडांमधली अंतरे मोज. एक जागा सोडली तर ती जवळजवळ सारखी आहेत, आणि आपोआप उगवलेली झाडे अशा अंतराने उभी राहत नाहीत. सुरू हे मुळात आपल्या कोकणपट्टीचे झाड नव्हे. १९ व्या शतकात कारवारच्या किनाऱ्यावर जळणासाठी त्याची लागवड झाली आणि पुढे वारा अडवावा, वाळू थोपवावी म्हणून पश्चिम किनाऱ्यावर ठिकठिकाणी सुरूची बने उभी राहिली. केळवे, नागाव, गुहागर, शिरोडा, गोव्यातील गालजीबाग अशा जागांची आजची ओळखच या बनांशी जोडलेली आहे. वाळू धरून ठेवणाऱ्या मूळच्या वनस्पतींत मर्यादवेल प्रमुख. ती वाळूवरून सरपटत जाते, पेरापेराला मुळे सोडते आणि उडणारे कण आपल्या पानांत अडकवते. सुरूची सावली आणि त्याच्या गळालेल्या काड्यांचा थर यांखाली ही वेल आणि तिच्या सोबतच्या वनस्पती फारशा वाढत नाहीत, म्हणून वाळूच्या टेकड्यांवर सुरू लावण्याला पर्यावरणाच्या अनेक अभ्यासकांचा आक्षेप आहे. तुझ्या चित्रात या गोष्टीची साक्ष आहे. पुढच्या उघड्या वाळूवर मर्यादवेलीच्या गाठीगाठींच्या दोऱ्या टेकडीच्या दिशेने चढत येतात आणि सुरूंच्या सावलीची कड आली की थांबतात. चित्रकाराने तो वाद मनात ठेवून चित्र काढले, असे मी म्हणणार नाही; पण डोळे उघडे ठेवून पाहणाऱ्याच्या हातून त्याला स्वतःला ठाऊक नसलेली माहितीही कागदावर उतरते, आणि अर्थ लावणाऱ्याने ती वाचायची असते. वाळूच्या टेकड्यांना आज किनारा नियमन क्षेत्राच्या अधिसूचनेनुसार सर्वाधिक संरक्षणाच्या वर्गात स्थान आहे. अशा वेळी पाठीमागे गावाचे नाव असलेले जुने चित्र हा त्या किनाऱ्याचा दस्तऐवजही ठरू शकतो, हे प्रदर्शनाच्या आयोजकांनाही सांग.

आता कागदाकडे. कोळसा म्हणजे लाकूड पुरेशी हवा न मिळू देता भाजून उरलेला कार्बन. फ्रान्समधील शोवे गुहेतील कोळशाची चित्रे ३०,००० वर्षांहून जुनी आहेत, इतके हे माध्यम प्राचीन आहे. पण आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी, की काटकीच्या साध्या कोळशात रंग धरून ठेवणारा चिकट पदार्थ काहीच नसतो. त्याचे कण कागदाच्या खरखरीत पृष्ठभागावर नुसते बसलेले असतात. फडक्याने, बोटाने, फुंकरीनेसुद्धा ते हलतात. त्यामुळे कोळशाने काढणाऱ्याला बदल करण्याची मोकळीक इतर माध्यमांपेक्षा फार अधिक मिळते, मात्र पुसलेले पूर्णपणे कधीच जात नाही. कागदाच्या तंतूंत थोडे कण राहतात आणि फिकट करडी खूण मागे उरते. पूड करून, चिकटद्रव्य घालून दाबून बनवलेला कॉम्प्रेस्ड चारकोल याच्या उलट वागतो. तो अतिशय काळा उमटतो आणि सहजासहजी निघत नाही.

हे ध्यानात ठेवून तिसऱ्या आणि चौथ्या खोडाच्या मधली जागा पाहा. तिथली उभी करडी पट्टी तू ‘समुद्रावरून येणारे धुके’ म्हणून वर्णिली आहेस. ते धुके नाही, तो पुसलेला बुंधा आहे. त्याच्या खालच्या टोकाला मुळांचा फाटा अजून दिसतो, आणि वर तीच कललेली दिशा आहे. बाकीची अंतरे सारखी असताना तिसऱ्या आणि चौथ्या खोडांमध्ये नेमके दुप्पट अंतर आहे, आणि ही पुसट खूण बरोबर त्याच्या मध्यावर येते. म्हणजे ओळीत तिथे झाड असण्याचा संभव मोठा आहे. चित्रकाराने ते आधी काढले, मग पुसले, आणि त्या उघड्या झालेल्या फटीतून समुद्राची उजळ पट्टी आत घेतली. किनाऱ्यावर जे होते त्याच्याशी तो इतका प्रामाणिक राहिला, सावलीची दिशासुद्धा त्याने सोडली नाही, आणि तरीही एका जागी त्याने ठरवून नकार दिला. त्या नकाराने चित्राला श्वास मिळाला. तुझ्या सगळ्या विवेचनाचा मध्य इथे असावा असे मला वाटते, कारण चित्रकार विचार करीत असताना आपल्याला सापडतो तो याच एका ठिकाणी.

पांढऱ्या जागांतही फरक आहे आणि तो तुला शिकून घ्यावा लागेल. काही पांढरे राखलेले असते, म्हणजे त्या जागी कोळसा कधी लागलेलाच नसतो. काही पांढरे उचललेले असते, म्हणजे आधी करडा थर देऊन मग मऊ, मळता येणाऱ्या रबराने तो काढलेला असतो. राखलेले पांढरे कागदाइतके स्वच्छ असते, उचललेल्यात नेहमी करड्याची हलकी छटा राहते. तुझ्या छायाचित्रांवरून मला असे दिसते की टेकडीची उन्हातली कड राखलेली आहे आणि समुद्र उचललेला आहे. म्हणजे ही कड सगळ्यात उजळ ठेवायची, हे चित्रकाराने काम सुरू करतानाच ठरवले होते, आणि समुद्र त्याला काम करता करता सापडला. पुसलेल्या खोडाशी हे जुळते. रिकाम्या कागदाला बोलायला लावणे ही फार कठीण कला आहे. जपानमधील हासेगावा तोहाकू या चित्रकाराने १६ व्या शतकाच्या अखेरीस शाईने काढलेले पाइन वृक्षांचे पडदे पाहिलेस, तर बहुतांश जागा कोरी ठेवूनही झाडांमधली ओलसर हवा कशी उभी राहते ते तुला कळेल.

सर्वांत गडद काळे कुठे आहे? लोंबणाऱ्या मुळांच्या मागे, कापाच्या पोकळीत. तेवढ्याच जागी कॉम्प्रेस्ड चारकोल वापरला असावा, कारण तिथला काळा रंग दाट आणि मखमली आहे आणि कागदाचा पोत त्याखाली बुजून गेला आहे. चित्रातला एकमेव न पुसता येणारा रंग चित्रकाराने जिथे माती सुटली आहे तिथे ठेवला, आणि झाडांचे माथे मात्र फुंकरीने उडतील इतके हलके ठेवले. आपण झाडे पाहतो आहोत असे वाटते, पण चित्राचे वजन मुळांपाशी आहे. हे तुला दाखवता आले, तर भावाबद्दल वेगळे बोलावेच लागणार नाही.

आणि म्हणूनच काळ्या रंगाला काळोख म्हणण्याची घाई करू नकोस. कोळशात काळेच असते. चित्रकार आनंदात असला तरी त्याच्या हाताला दुसरा रंग मिळत नाही. फ्रेंच चित्रकार ओदिलाँ रदाँने कोळशाच्या काळ्यातून स्वप्नातल्या आकृती काढल्या. दुसरा फ्रेंच चित्रकार जॉर्ज सरा खडबडीत कागदावर काँते खडू, म्हणजे दाबून बनवलेली कठीण काळी कांडी, इतक्या हळुवारपणे फिरवी की त्याच्या चित्रांत काळ्यातूनच उजेड तयार होतो. डच चित्रकार पीत माँद्रियानचे उदाहरण तर तुझ्या विषयाला अगदी जवळचे आहे. नेदरलँड्समधील दोम्बुर्ग या किनाऱ्यावरच्या गावी तो अनेकदा राही. १९०९-१० च्या सुमारास त्याने तिथल्या वाळूच्या टेकड्या रंगांत रंगवल्या, त्याच वर्षांच्या आगेमागे झाडांचे कोळशाचे अभ्यास केले, आणि १९१४-१५ मध्ये तिथलाच धक्का आणि समुद्र कोळशाच्या आडव्या-उभ्या छोट्या रेषांत मांडला. झाड, वाळू, समुद्र आणि कोळसा या चारही गोष्टी तुझ्या चित्रातल्याच आहेत, पण माँद्रियानला त्यांतून रचनेचा नियम शोधायचा होता. एकाच काळ्याने तीन माणसांनी तीन निरनिराळी कामे केली. तुझ्या चित्रकाराने त्या काळ्याकडून वजन तोलण्याचे काम करून घेतले आहे, असे माझे वाचन आहे.

वाळूच्या रंगाबद्दल एक सावधगिरी. रत्नागिरीत मांडवीची वाळू काळसर आणि जवळच्या पांढऱ्या समुद्राची फिकट, असे थोड्या अंतरात दोन रंग मिळतात. त्या पट्ट्यात काही पुळणींवर इल्मेनाइटसारखी जड काळी खनिजे साठलेली आहेत. त्यामुळे कोकणच्या चित्रात करडी वाळू दिसली की ती सावली आहे, ओल आहे की वाळूचा स्वतःचाच रंग आहे, हे प्रत्येक वेळी तपासावे लागते. गुहागरची वाळू फिकट आहे, म्हणून इथे करडेपणाचा अर्थ ओल किंवा सावली असाच घेता येतो.

आता तू काय करावेस ते सांगते. छायाचित्रांवर विसंबू नकोस. ग्रंथपालांची किंवा संग्रह सांभाळणाऱ्यांची परवानगी घेऊन मूळ चित्र दिवसाच्या उजेडात पाहा, चौकटीतून काढलेले असल्यास फार उत्तम. पण त्याला बोट लावू नकोस आणि त्याच्या जवळ जोराने बोलूही नकोस, कारण फिक्सेटिव्ह, म्हणजे कोळसा पक्का करणारे द्रावण, मारलेले नसेल तर कोळसा खरोखरच उडतो. पूर्वी लाखेचे पातळ द्रावण फवारून कोळसा पक्का करीत आणि काळाने ते पिवळसर पडते. चित्राच्या कडांना पिवळेपणा अधिक दिसला तर त्याची नोंद कर. प्रकाश एका बाजूने, कागदाला जवळजवळ समांतर येईल असा घे, म्हणजे कांडी कुठे दाबली, रबर कुठे फिरले आणि कागदाचे तंतू कुठे उठले हे सगळे वर येईल. पुसलेल्या सहाव्या झाडाबद्दल मी छायाचित्रावरून जे म्हटले आहे ते अशा प्रकाशात पडताळून पाहा, आणि माझे म्हणणे तिथे टिकले नाही तर ते बेलाशक खोडून टाक. कागदाची लांबी-रुंदी मोजून टिपणाच्या पहिल्या ओळीत दे. हातभर लांबीच्या चित्रातला काप आणि तळहाताएवढ्या चित्रातला काप यांचा पाहणाऱ्यावर होणारा परिणाम सारखा नसतो.

जमल्यास हिवाळ्यात गुहागरला जाऊन ये. सकाळी पुळणीवर समुद्र डाव्या हाताला ठेवून उत्तरेकडे तोंड करून बस आणि सुरूंच्या सावल्या कोणीकडे पडतात ते पाहा. चित्रातली जागा सापडेलच असे नाही, इतक्या काळात समुद्राने ती टेकडी नेलेलीही असेल. पण बन सापडले तर खोडांमधली अंतरे पावलांनी मोजून आण.

टिपण पुन्हा लिहिताना चित्राचा भाव एका शब्दात सांगणारे शीर्षक देण्याचा मोह आवर. कापाची उंची, सावल्यांची दिशा, मर्यादवेल जिथे थांबते ती कड आणि पुसलेले खोड, एवढ्या चार ठिकाणी प्रेक्षकाचा हात धरून ने आणि प्रत्येक ठिकाणी त्याला पाहायला वेळ दे. नवे टिपण झाले की मोजमापे आणि बाजूच्या प्रकाशातली छायाचित्रे यांसह मला पाठव. मुळांमागच्या त्या काळ्याचे जवळून घेतलेले एक छायाचित्र त्यात अवश्य असू दे, कारण तिथे कॉम्प्रेस्ड चारकोल आहे की साध्याच कोळशाचे अनेक थर आहेत, हे मला अजून ठरवायचे आहे.

कळावे, लोभ असावा.

तुझ्या बाई